वेपॉइंट सत्तेचाळीस

साक्रीच्या पुढे, दुसाण्याच्या माळावर
यंत्र तळहातावर धरून मी थांबले.
चार उपग्रह. सहा. मग नऊ.
चूक : चार मीटर.
चार मीटर म्हणजे
एक जुंपलेली बैलगाडी.
तेवढी मला चालते.
नकाशावर पेन्सिलीचं टोक नुसतं टेकवलं
तरी दहा मीटर जमीन त्याखाली झाकली जाते.

डाईक पूर्वेकडून येतो, काळा,
पडक्या कुंपणासारखा,
भेगेतून वर चढताचढता थिजलेला.
त्याच्या कडेकडेनं चालायचं,
दर पन्नास पावलांवर बटण दाबायचं.
बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

रात्री रेस्टहाऊसच्या टेबलावर ठिपके मांडले
तर अख्खी भिंत नाल्यात उतरलेली.
शंभरेक मीटर.
आधी पायांवर संशय घेतला, मग यंत्रावर.
मग आठवलं :
जुन्या शीटनं पृथ्वी एका मापाची धरली होती,
यंत्रानं दुसऱ्या.
गोलाई थोडी इकडे, मध्य थोडा तिकडे,
आणि दोन्ही पृथ्व्यांवर
दुसाणं आपापल्या जागी बरोबर.
सेटिंग बदललं.
भिंत नाल्यातून उठून
बिनबोभाट माळावर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस, शेहेचाळीस,
आणि पुढे डाईकच नाही.
पडीक रान, माती, कुसळं.
कागदावर इथं तुटक रेघ मारतात
आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

झुलाल ठेलारी मेंढ्या घेऊन उतरत होता.
बराच वेळ माझ्या तळहाताकडे बघून म्हणाला,
‘तू आठे शे, हाई सांगाले
आभायमा कोन बठेल शे?’
नऊ जण, मी म्हटलं.
त्यानं डोळे बारीक करून वर पाहिलं,
मोजल्यासारखं.
‘आनि दगड कोठे गया?’
ते नाही सांगत.
तो हसला नाही.
‘थांब मंग. रातले दगड ऊन ऱ्हास.’

दिवस बुडाला. वारा गार झाला.
मेंढ्या थोडा वेळ घुटमळल्या,
एकमेकींच्या अंगावर शिंकल्या,
मग एकेक करत बसत गेल्या
सहा-सात मीटरच्या पट्ट्यात,
पूर्व-पश्चिम,
बोराटीच्या जाळीपासून थेट
त्या विहिरीपर्यंत, जिचं पाणी
मे महिन्यातही हटत नाही म्हणतात.
वाकून मातीला हात लावला. कोमट.
वीतभर खाली हातोडा वाजला,
कालच्यासारखाच.

लोकरीच्या वासात, बॅटरीची एक दांडी उरलेली,
मी बटण दाबलं. सत्तेचाळीस.
वहीत रकाना असतो : पुरावा.
‘अप्रत्यक्ष’ लिहिलं. खोडलं.
टॉर्चच्या उजेडात पेन तसंच धरून राहिले.

‘मेंढी उठाडू का?’ झुलालनं विचारलं,
नेमक्या जागेवर एक म्हातारी रवंथ करत बसली होती.
नको, म्हटलं.
चार मीटरची सूट आहे.