आठ वाजेपर्यंत

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
कोपऱ्यांवर मिठाची बाटली, हकलबेरीच्या जॅमची बरणी,
हॅटीचा एक बूट
आणि माझा चहाचा कप,
जो उचलायची मला परवानगी नाही.
उचलला की अख्खा पश्चिमेचा कडा गुंडाळला जातो.

ऑरिन म्हणतो, पाचच तर मैल आहेत.
हॅटी म्हणते, पाच मैल आडवे, बाबा.
उभे चार हजार फूट आहेत, ते कुणी चढायचे?
चौदा वर्षांची आहे. पेन्सिल कानामागे.
उंचीच्या रेषा तिनं एकेक मोजल्यात,
तळ्याच्या वर त्या इतक्या खेटून बसतात
की कागद तिथं नुसता तपकिरी दिसतो.
"इथं," ती बोट टेकवते,
"इथं आपण बोलायचं नाही. बोलायला दम उरणारच नाही."

लॉयडला फोन झाला. मागच्या आठवड्यात
तो खेचरं घेऊन निम्म्यापर्यंत जाऊन आला.
पाणी आहे, म्हणाला, दुसऱ्या ओढ्याला, करंगळीएवढं.
पूल नाही. वाटेवर आडवी झाडं: एकतीस.
रानाच्या हद्दीत यंत्राला बंदी,
दोन माणसांनी दोन टोकांना धरायची करवत चालते,
आणि यंदा ती दोन माणसं काही मिळाली नाहीत.
हॅटीनं एकतीस लिहून घेतलं,
एका झाडाला दीड मिनिट या हिशोबानं वेळात मिळवलं.
ऑरिन हसला. मग गुडघ्याचा पट्टा शोधायला गेला.

अस्वलाच्या फवाऱ्याची तारीख उलटून दोन वर्षं झालीत.
नवा उद्या वाटेत घेऊ.
दुपारनंतर बर्फाची शक्यता शंभरात तीस.
सप्टेंबर संपत आलाय, मोंटानात तीस म्हणजे तीस नसतात,
पण हे मी बोलले नाही. मी सँडविचला लोणी लावत होते.

मग तिनं कागदाच्या मधोमध लिहिलं:
एक वाजता माघारी. कुठंही असलो तरी.
भोवती गोल केला.

"आणि शिखर शंभर फुटांवर असलं तर?"
"तर सँडविच शंभर फूट खाली बसून खाऊ."

ऑरिन गप्प झाला.
ते गप्प होणं मला ओळखीचं आहे.
हॅटी व्हायच्या आदल्या ऑक्टोबरात
तो आणि वॉन याच कड्यावरून उशिरा वळले होते.
वॉनच्या उजव्या बुटात तेव्हापासून पुढं कापूस असतो.
तो स्पोकेनला राहतो, नाताळात कार्ड पाठवतो,
पानगळीच्या दिवसांत फोन उचलत नाही.
ती गोष्ट या घरात मुलीबरोबर वाढली,
पण जेवणाच्या टेबलावर तिला कुणी बसू दिलं नाही.
मला वाटायचं, पोरीला ठाऊक नाही.
आता ती पेन्सिलीचं टोक तासत होती, फार वेळ,
बापाकडे न बघता.

शेवटी माझा रकाना.
गाडी कुठं लावणार, कुठल्या वाटेनं जाणार,
कुणाचं जाकीट कुठल्या रंगाचं.
सहाला घरी. सात झाले तर गुडघा समजावा.
आठपर्यंत आईनं घाबरायचं नाही.
आठनंतर शेरिफ, आणि खाली नंबर,
जो मला सतरा वर्षं पाठ आहे.

माझ्या वाट्याचा चढ हा:
सहा ते आठ, सपाट फरशीवर.

कागद मी फ्रिजवर लावला, ट्राउट माशाच्या चुंबकाखाली.
दिवे गेले. रात्री कधीतरी जिना वाजला,
खाली ड्रॉवर उघडला, मिटला,
ऑरिन परत येऊन झोपला. पाय गार होते.

पाचला उठून मी कॉफी ठेवली.
गोलातला एक खोडला होता.
वर, त्याच्या सुतारी अक्षरात, साडेबारा.

खालच्या आठला
त्यानं हात लावला नव्हता.