सहावा आठवडा

कापसाचे बोळे इसाक नदाफनंच करावेत.
त्याचे आजोबा बेगम पेठेत गाद्या पिंजायचे;
त्याचा बोळा नळीत बसला
की जंतूची टाप नव्हती बाहेर यायची.

माध्यमासाठी अंडी फोडायची महालिंग बिराजदारनं,
घरी ज्याचं नावही निघत नाही ती,
एका बैठकीत शंभर.
मग हात धुऊन, कपाळाची विभूती सारखी करून
पाचची बस.

मी येमुलांची. वडील मागावर, आई विड्या वळायची.
तिच्या थुंकीचा नमुना मीच लावला,
नाव नाही, नुसता आकडा.
आठ आठवडे थांबायचं असतं.
सहाव्यालाच उगवलं.

मार्चअखेर प्रकल्प संपला.
इसाक पुण्यात लसींच्या फ्रीजचं तापमान लिहितो,
दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.
महालिंग होटगी रोडला विमा विकतो,
म्हणतो, लोक मरणाबद्दल बोलत नाहीत रे,
जंतू बरे होते.

मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासते:
सुटलेला धागा, डाग, फिका रंग.
सुपरवायझर म्हणतो, ताई, नजर बारीक आहे तुमची.

आई बरी आहे. गोळ्या संपवल्या तिनं, सगळ्या.
“एवढं शिकून परत मागाकडंच?”
मी डबा उचलते.
दार अजून कोपरानंच ढकलते.