भरपाईची मिनिटं

रविवार कारंजावर माझं घड्याळांचं दुकान,
साडेचार फूट रुंद.
शनिवारी संध्याकाळी सात वाजले
की भिंग कपाळावर सरकवतो,
मोबाइल सेलच्या डबीला टेकवतो
आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, सोमवारी या.

ही म्हणते, शनिवारी सात म्हणजे साडेसातीच.

संघाचं नाव सांगत नाही. दृष्ट लागते.
आणि लागायला तरी काय उरलंय म्हणा,
अठरांत सोळावा.

केतकी त्या गावी शिकायला गेली.
फोनवर रोज तेच : जेवलीस का, थंडी आहे का.
तिसऱ्या आठवड्यात माझे प्रश्न संपले.
म्हणून विचारलं, तुमच्या गावचा फुटबॉलचा संघ कसा आहे?
ती म्हणाली, मला काय माहीत बाबा,
शनिवारी ट्राममध्ये उभं राहायला जागा नसते,
मफलरवाले नुसते ओरडत असतात.

ते आपले लोक, मी म्हणालो.
तोवर एकही सामना पाहिला नव्हता.

सप्टेंबर संपेपर्यंत चार हरलो, एक बरोबरी.
डावा बचावपटू गुडघा धरून बसला,
तर मी स्टुलावर पाय लांब करून आठवडाभर लंगडलो.
शेजारून बिजागऱ्या मोजता मोजता मुर्तुझाभाई विचारतात,
"क्या हुआ अपने जर्मनवालों का?"
मी बोटांनी शून्य दाखवतो.
ते पुन्हा मोजायला लागतात, पहिल्यापासून.

ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे अख्खा देश
एका रात्रीत घड्याळं तासभर मागं घेतो.
चाळीस वर्षं काटे जुळवतोय,
असलं धाडस मला झालं नाही.
सातचा सामना आठवर गेला.
साडेआठला शटर ओढणारा मी
दहापर्यंत आत, शटर अर्धं खाली,
पायाशी गल्लीतलं कुत्रं.
आम्हा दोघांना थंडी. तिकडे तर बर्फ,
आणि चेंडू नारिंगी.

नव्वद मिनिटं झाली की एक माणूस फळी वर धरतो :
अधिक चार.
वाया गेलेला वेळ परत द्यायची ही सोय
आमच्या धंद्यात नाही.
लोक दुरुस्त घड्याळ मनगटाला लावून जातात,
ते बंद होतं तेवढे दिवस कुणी मागत नाही.

त्याच चार मिनिटांत आम्ही किती गोल खाल्ले, ते सोडा.

रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीतून निथळत आलेल्या पोरांनी
दुकानात हात घातला.
उत्तरार्ध सगळा पिवळा.
कोण कुणाला चेंडू देतंय कळेना,
आणि नेमके त्या दिवशी जिंकलो.
काच आठवडाभर पुसली नाही.

मग केतकीला म्युनिकला नोकरी लागली.
बाबा, आता इथला संघ धरा. तो जिंकतो.
बरं म्हणालो. एका शनिवारी लावलाही.
पाच गोल. लोक टाळ्या वाजवत होते,
नवं क्वार्ट्झ घेतल्यावर माणूस मान डोलावतो तशा.
चालणारच ते. त्याला माझं काय काम?
बदललं. आमचे दोन गोलांनी मागं होते.
जिवात जीव आला.

मेचा शेवटचा शनिवार.
नऊच्या नऊ सामने एकाच ठोक्याला सुरू,
आणि माझ्या भिंतीवर एकतीस घड्याळं, एकतीस वेळा.
बरोबरी पुरली असती.
मुर्तुझाभाई येऊन उभे, हातात कडीकोयंडा.
फळी वर : अधिक सहा.
पाचव्यात त्यांचा कॉर्नर,
एक उंच पोरगा उठला, कुणी अडवलंच नाही.

"अभी एक मिनट है," मुर्तुझाभाई म्हणाले.
होतं. ते पूर्ण पाहिलं.

रात्री केतकीचा फोन.
सामन्याचं काही बोलली नाही.
जेवलात का, म्हणाली.
हो म्हणालो.

दुसऱ्या श्रेणीचे शनिवारचे सामने आपल्याकडे दुपारी साडेचारला.
ऐन गिऱ्हाइकीची वेळ.
ऑगस्टपासून दाराला पाटी लावावी लागेल.
काय लिहावं, ते अजून ठरत नाही.