शोधशब्द

महापे. तिसरा मजला. एसी इतका
की स्वेटर कायम खुर्चीच्या पाठीवर.
लाखेचं सील दोन पंचांसमोर तोडलं,
डिस्कची हुबेहूब प्रत काढली, मूळ परत पाकिटात.
दोन्हींचे चौसष्ट अक्षरी हॅश जुळवले
आई पत्रिका जुळवायची तसे, बोट ठेवून.

तांडेल साहेबांनी चौदा शब्द दिले होते:
कमिशन, पाकीट, शेठ, टक्का...
चौदाही शून्य.
लाच कोण लिहितं हो इतक्या शुद्धलेखनात?

मग तुर्भ्याच्या गोदामातला एक हमाल जबाबात बोलून गेला,
"घरतभाऊ हळद म्हणायचे. एक हळद म्हणजे एक लाख."
आता मसाला मार्केटच्या हिशेबनिसाच्या संगणकात
हळद शोधायची,
म्हणजे खाडीत मीठ.

अकरा हजार तीनशे सहा.
सांगलीची, सेलमची, राजापुरी,
कुर्ल्याच्या गिऱ्हाइकानं परत पाठवलेली,
भिजून बुरशी धरलेली हळद,
इंग्रजी अक्षरांत घाईनं ळचा ल झालेली.
यंत्राला सगळ्या सारख्याच पिवळ्या.

चार दिवस नुसते तुकडे:
शेपूट आहे, तोंड नाही.
साहेबांचा रोज फोन, "सापडलं ना?"
"साहेब, अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊ नका."
ते हसले नाहीत.

पाचव्या दिवशी, नोंद सात हजार दोनशे चौदा.
कुठल्याच फायलीच्या मालकीची नसलेली जागा,
तिथं एक पुसलेला मसुदा, कधीच न पाठवलेला:

'मनवा, तुझ्या हळदीला मी नसेन.
पहिलं बोट आत्याला लावू दे.
गच्चीवरचा मांडव पक्का बांधून घे,
आपल्या दिवाळ्याचा वारा वाईट.'

रकान्यात लिहिलं: असंबद्ध.
कोर्टाच्या आदेशात मुलगी नाही, लग्न नाही.
वारा तर नाहीच.
उठले. मशीनचा चहा, पाण्यासारखा.
खिडकीत पारसिकचा डोंगर, खणलेल्या बाजूनं.

परत बसले आणि सवयीनं
मसुद्याच्या शेपटाला चिकटलेली तारीख पाहिली.
छापा पडला सोळाला.
हे पाचचं. रात्री एक वाजून बावन्न मिनिटं.

म्हणजे माहीत होतं त्याला.
अकरा दिवस आधी.

स्वेटर घातला.
'असंबद्ध' खोडलं.
वेळ लिहिली,
सेकंदांसकट.