पाचाचा आकडा

मदरबोर्ड जळला तो मंगळवारी,
व्हॅटचा तिमाही हिशेब अर्ध्यावर असताना.
आधी वास आला, मग पंखा थांबला,
मग खिडकीबाहेरचे सीगल ऐकू आले.
इतकी वर्षं तो पंखा त्यांच्या वरताण बोलत होता.

शेजारचा कीरन म्हणाला, नवीनच घ्या आता.
मी डॉनकास्टरहून जुना बोर्ड मागवला, अडतीस पौंडांना,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पोळपाट बाजूला सारून,
अकरा स्क्रू वाटीत काढले.
दहा परत बसले.

यंत्र उठलं. पण कंपनी त्याला ओळखेना.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात राखाडी अक्षरं:
विंडोज ॲक्टिव्हेट करा.
ऋजुताच्या फोटोवर, नेमकी तिच्या बुटांवर,
क्लीथॉर्प्सच्या ओल्या वाळूत कुणी पावती टाकून जावं तशी.

हार्ड डिस्क बदलली तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.
रॅम वाढवली, पंखा दोनदा,
कीबोर्ड तर चहाने किती मारले.
पण बोर्ड बदलला की यंत्रच दुसरं, असा नियम आहे.
असू दे. माझ्या डोळ्यांतली भिंगं
गेल्या नोव्हेंबरात इथल्याच हॉस्पिटलात बदलली, दोन्ही;
घरी आले तर दाराने फक्त किल्ली मागितली.

डब्यावरचा स्टिकर व्हॅक्यूमने घासून पुसट झालेला,
पंचवीस अक्षरांतली सतरा लागतात.
म्हणून फोन.

फोनवर आधी यंत्रच, बाईच्या आवाजाचं.
सात-सात आकड्यांचे नऊ गट वाचून दाखवा म्हणे.
वाचले, शाळेत म्हणायचो तसे हेल काढून,
कुठल्याच बेरजेला न पोचणारा पाढा.
तिला माझा एट कळेना.
एट. एऽट.
शेवटी बटणं दाबली.

मग माणूस आलं. नाव सांगितलं ओडेट, गाव नाही सांगितलं.
तिच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवला;
माझ्याकडे दुपारचे साडेतीन, अंधारायला लागलेलं.

ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे?
एकाच.
आधी कशावर होती?
ह्याच्यावरच.
ह्याच म्हणजे?
मी टेबलाकडे पाहिलं. पत्र्याचा डबा, वाटीतला एक स्क्रू.
ह्याच म्हणजे ह्याच, म्हटलं. कोपऱ्याला पोचा आहे बघा.
तिला कुठून दिसणार?
पण हसली असावी. आकडे सांगू लागली.

मी ते हॅडॉकच्या बिलामागे उतरवले.
सोलापूरची मी, तळ्यापलीकडे पाणी न पाहिलेली,
ग्रिम्सबीच्या धक्क्यावर बर्फातल्या माशांचे हिशेब ठेवते,
एकतीस वर्षं झाली.
तरी घाई असली की हात देवनागरीत लिहितो.

टाइप केलं. चुकीचा कोड.
पुन्हा केलं. चुकीचा कोड.
ओडेट म्हणाली, तिसरा गट वाचा बघू, सावकाश.
चार, शून्य, चार—
फाइव्ह, ती म्हणाली. शेवटचा फाइव्ह.

बिल खिडकीशी नेलं.
पाचच होता. ठसठशीत,
बाकावर उभं करून गिरवून घेतलेला, माझा पाच.
त्याला मी तीनदा चार म्हटलं होतं.
दोष द्यावा तर भिंगं नवी कोरी.

हॅलो, ओडेट म्हणाली, आहात ना?
कोंबडा परत आरवला.
आहे, म्हटलं. फाइव्ह. बरोबर आहे तुमचं.

एंटर दाबलं आणि राखाडी अक्षरं गेली,
आवाज नाही, काही नाही.
व्हॅटचा कागद तसाच अर्ध्यावर उघडला.
तो मिटवून मी फोटो बघत बसले.
अक्षरं होती तिथे ऋजुताचा डावा बूट,
नाडी सुटलेली, वाळूत लोळणारी.
फोटो एकोणीस वर्षांपूर्वीचा. काढला मीच.