काजळी

आमच्या पुलीचं नाव कोरोम. कोरोम म्हणजे काजळी.
आता उन्हानं जटांची टोकं गंजलीत
जुन्या खिळ्यांसारखी,
पण नाव काही आम्ही बदललं नाही.
पाहुणे हमखास विचारतात, याचं तोंड कुठल्या बाजूला?
व्हेंडेल म्हणतो, पावाचा तुकडा टाका, कळेल.

नऊ वर्षं हे काम त्याचंच होतं.
रविवारी जेवण झालं की तुतीखाली बुटकं स्टूल घेऊन बसायचा
आणि एकेक जट मुळापर्यंत सोडवत जायचा,
नुसत्या बोटांनी.
पुलीला कंगवा लावणं म्हणजे
विणलेलं उसवत बसणं, म्हणायचा.
त्या कुत्र्याच्या पाठीशी तो जेवढं बोलला
तेवढं माझ्याशी बोलला असता
तर आमचं भांडण तरी धड झालं असतं.

या वर्षी त्याची बोटं मिटेनात.
सकाळी कपाचा कान धरायलाही दोन हात लागतात.
म्हणून तो खुर्चीवर, मी स्टुलावर,
आणि वरून सूचना.
"ओढू नकोस. फाड."
"फाडू कशी? त्याला दुखतंय."
"त्याला नाही, तुला दुखतंय."
तिसाकाठच्या चार गावांत बत्तीस वर्षं टपाल वाटलं मी,
तीनदा पोटरी फोडून घेतली,
आणि हा मला कुत्रं शिकवतो!

कानामागे मात्र सगळं एकजीव झालेलं.
जट कसली, चपलेचा तळच.
आत गोखरू, गव्हाचं कूस,
एक वाळकी गोगलगाय,
आणि त्याखाली कातडी
लाल, ओलसर, आंबूस वासाची.
कोरोमनं माझं मनगट दातांत धरलं,
चावला नाही, नुसतं धरून ठेवलं.
मार्चपासून तिथं कुणाचा हात गेला नव्हता.
व्हेंडेलचा जात नव्हता
आणि तो तसं सांगत नव्हता.
तुतीकडे बघत राहिला,
जसं काही तीच आजारी आहे.

पलीकडची बोर्का मेंढ्यांचं यंत्र घेऊन आली.
दर दोन मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघायची,
तापलंय का.
एकोणीस वर्षांची पोर, पण हात बाईचा.
मानेपासून शेपटीपर्यंत
सगळं एका तुकड्यात उतरलं,
गालिचा गुंडाळावा तसं,
आणि आतून निघालं
करडाएवढं एक जनावर.
बरगड्या. राखी कातडी.
मधाच्या रंगाचे दोन डोळे.

"एवढासाच?" व्हेंडेल म्हणाला.

कोरोमनं सवयीनं अंग झाडलं.
तो दोरांच्या पडद्याचा सळसळाट झालाच नाही.
त्यानं वळून मागे पाहिलं,
आवाज कुठे राहिला म्हणून.
बदकं, जी कालपर्यंत त्याला बघून कुंपण गाठायची,
सरळ येऊन त्याच्या पायाशी दाणे टिपू लागली.
तो भुंकला, पण भुंकण्यात जोर नव्हता.

पत्र्याच्या टबात कोमट पाणी,
लाल जागेवर कॅमोमाइलचा काढा.
पूर्वी धुतलेला पुली वाळायला दोन दिवस घ्यायचा,
घरभर ओल्या घोंगडीचा वास.
आज सूपला उकळी यायच्या आत कोरडा ठाक.
जटा पिठाच्या पोत्यात भरल्या,
काट्यावर ठेवल्या. दोन किलो, शंभर ग्रॅम.
टाकायच्या की ठेवायच्या, कुणी बोललं नाही.
पोतं अजून दारामागे आहे.

रात्री ताटं उचलल्यावर
व्हेंडेलनं खिशातून हात काढला
आणि मेणकापडावर पालथा ठेवला.
नखं वाढलेली, एक मांसात वळलेलं.
कधीपासून खिशात घालून फिरत होता, कोण जाणे.
"ते यंत्र नको," म्हणाला.
मी शिवणाची छोटी कात्री आणली,
चष्मा पुसला,
त्याचं अंगठ्याशेजारचं बोट धरलं.
"ओढू नकोस."
"गप बस."
टेबलाखालून कोरोम बघत होता,
आणि या वेळी
तो कुणाकडे बघतोय ते कळत होतं.