पान दोनशे बारा

पुस्तक आलं तेव्हा पोस्टमनने ते उलटं धरलं होतं.
म्हणालो, असू दे, ते तसंच असतं,
आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं.

नफ्ताली झिराडकर,
पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमधल्या फिटरचा मुलगा,
तहतानियात माझी पाटी थुंकीनं पुसणारा.
दस्तगीर मास्तर हात धरून आम्हाला
उजवीकडून डावीकडे चालवायचे:
अलिफ, बे, पे.
निजाम गेला, स्टेशनावरच्या पाट्या बदलल्या,
आम्ही सगळे डावीकडून सुरू झालो.
तो चोपन्न साली बोटीत बसला
आणि पुन्हा उजवीकडून.

चार वर्षं छापखान्याची फरशी पुसली.
मग प्रुफं. मग रात्रपाळी.
वाळवंटाच्या कडेचं एक गाव, त्याचा हा बातमीदार:
नळाला पाणी कधी, गिरणीत कुणाचं बोट गेलं,
कुठल्या खोलीत मोरोक्कोची म्हातारी एकटी वारली.
"नाव चुकलं तर मेलेला दुसऱ्यांदा मरतो,"
असं लिहायचा,
"म्हणून शेजारचं दार वाजवून स्पेलिंग विचारतो."
संपादक म्हणायचा, तुझं हिब्रू ओलं आहे, वाळव.
तो वाळवायचा.

मग त्यानं कादंबरी घेतली लिहायला
आणि माझ्याकडे पत्रं सुरू झाली, निळी, घडीची.
खुशाली एक ओळ, बाकी प्रश्न.
सिग्नलची तार ओढली की आवाज आधी कुठून यायचा,
खांबाकडून का दांड्याकडून?
शेडमागच्या विहिरीला पायऱ्या किती?
तुझी आई ज्वारीच्या पिठाला पाणी उकळतं घ्यायची का कोमट?
माझं आणि मपलं, यात फरक काय ते नीट कळव,
इथं दोन्हीला एकच शब्द आहे.

सायकल काढली, विहीर मोजून आलो. सव्वीस.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, बहिणीला विचारलं.
मपलंचं काही सांगता येईना.
लिहिलं, माझं असतं ते हरवतं, मपलं हरवत नाही.
खरं का खोटं कोण जाणे,
टपालाची वेळ झाली होती.

पुस्तक चार वर्षं ट्रंकेत.
त्यातले पानांचे आकडे तेवढे मला वाचता यायचे.
मग त्याची पुतणी आली, रिव्का,
आजोबांच्या क्वार्टरची जागा बघायला.
फलाटावरच्या बाकड्यावर तिनं वाचून दाखवलं,
अडखळत, हिंदीत.
पॉइंट्समनचा पोरगा नारबा, डाव्या पायानं लंगडा,
पुराच्या रात्री कंदील घेऊन पुलावर जातो.
कंदील सापडतो.

मी त्याला लिहिलं, नफ्ताली, मी आहे,
परवाच दाढ काढली.
उत्तर आलं:
बातमीत मी जित्या माणसाला कधी मारलं नाही.
कादंबरीत तुला मारल्याशिवाय
मला पूर्णा सोडता येईना.

राग आला. पत्र टाकलं नाही.
एक महिना, दोन महिने. काय लिहायचं होतं तसं?
तिसऱ्यात रिव्काचंच पत्र.
त्याच्याच पेपरात चौकट आली, आतल्या पानावर,
पाणीकपातीच्या खाली.
नाव बरोबर होतं म्हणे.
कुणीतरी दार वाजवलं असणार.

आता भिंग घेऊन बसतो.
पान दोनशे बारा, मी बुडतो तिथली शेवटची ओळ,
रिव्कानं पेन्सिलीनं गोल केलेली तीन अक्षरं.
वळण अनोळखी आहे, पण नावं तिनं सांगितली होती:
मेम, पे, लामेद.
म्हणजे मीम, पे, लाम.
दस्तगीर मास्तरांची छडी तळहातावर उठते.
स्वर ते लोक लिहीतच नाहीत,
ज्यानं वाचायचं त्यानं घालायचे.

घालून बघतो.